कुमामोतोचे तट का ढासळले?

प्रश्न : २०१६च्या भूकंपात जपानच्या कुमामोतो किल्ल्याचे भक्कम तट कसे कोसळले? मूळचं काय उरलंय?

उत्तर : कातो कियोमासा या सरदाराने १६०७मध्ये पूर्ण केलेल्या या किल्ल्याचे तट चुन्याशिवाय रचलेले आहेत. दर्शनी दगडांमागे पाण्याच्या निचऱ्यासाठी गोट्यांचा भराव असतो. हादऱ्यांनी गोटे खाली बसतात, बाहेर रेटतात. मग तटाला पोट सुटतं आणि दगड निखळतात. कोपऱ्यात लांबट चिरे आलटूनपालटून दोन्ही बाजूंना आडवे घातलेले असतात, म्हणून तो भाग जास्त तग धरतो. इइदामारू बुरूज कोपऱ्याच्या अशा एकाच रांगेवर तोलून राहिला, हे खरोखर थक्क करणारं आहे.

मुख्य मनोरा १८७७मध्येच जळाला; आजचा १९६०चा, काँक्रीटचा. त्या आगीतून वाचलेला उतो बुरूज अस्सल लाकडी. निखळलेल्या दगडांना क्रमांक देऊन, जुन्या फोटोंशी ताडून ते मूळ जागी बसवतात.