युरोपात चर्च ओस आणि अमेरिकेत भरलेली, असं का?

दोन्हीकडे ख्रिस्तीच बहुसंख्य, मग एवढा फरक का, असं तुम्ही विचारलंय. मी साडेतीन वर्षं जर्मनीत श्टुटगार्टला होतो, आता सहा वर्षं डॅलसजवळ राहतोय. माझ्या मते यात श्रद्धेइतकाच पैसा येतो कुठून याचाही हात आहे.

श्टुटगार्टला पत्ता नोंदवायला गेलो तर फॉर्मवर धर्माचा रकाना. मी 'हिंदू' लिहायला लागलो, तर टेबलापलीकडच्या बाई म्हणाल्या, राहू दे रिकामा. पहिल्या पगाराच्या स्लिपवर कारण कळलं: चर्चकराची वेगळी ओळ! कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट म्हणून नोंद असेल तर सरकार आयकराच्या 8 टक्के (बहुतेक राज्यांत 9) रक्कम कापून परस्पर चर्चला देतं, मग माणसं चर्चमध्ये येवोत न येवोत. ही सोय जर्मनीच्या 1919च्या वायमार राज्यघटनेतली, 1949च्या घटनेनेही ठेवली. नको असेल तर सरकारी कचेरीत जाऊन नाव काढायचं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्याने पगारवाढ होताच काढलं. देवाशी भांडण नाही, म्हणाला, पण तेवढ्यात इटलीची सहल होते. नाताळला आजीबरोबर चर्चमध्ये गेलाच.

अमेरिकेत 1791च्या पहिल्या घटनादुरुस्तीने केंद्र सरकारला अधिकृत धर्म ठरवायला बंदी केली. राज्यांपैकी शेवटी मॅसॅच्युसेट्सने 1833मध्ये चर्चचा कर बंद केला. तेव्हापासून चर्च आपल्या गणपती मंडळासारखी, वर्गणीवर. माणसं जमवली नाहीत तर दिवाबत्ती बंद. म्हणून पार्किंगमध्ये हात हलवणारे स्वयंसेवक, मुलांचे वर्ग, कॉफी.

इथे राहायला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या आजी केळ्याचा ब्रेड घेऊन आल्या. कुठल्या चर्चला जाता? हिंदू आहोत म्हटल्यावर लगेच पुढचा प्रश्न, मग तुमचं देऊळ कुठे? कुठलंच नाही, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

(सगळा युरोप सारखा नाही: पोलंडमध्ये जर्मनीपेक्षा कितीतरी जास्त लोक चर्चला जातात. आणि अमेरिकेतही ओहोटी आहेच: गॅलप या जनमत संस्थेच्या 2020च्या पाहणीत चर्च, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) किंवा मशिदीचे सदस्य असलेले 47 टक्केच निघाले.)

पुण्यात मला कुणी देवळाचा सदस्य हो म्हटलं नव्हतं. इथे झालोय. रविवारी मुलीचं बालविहार, मग खिचडीच्या पातेल्यामागे माझी पाळी.

आणि गंमत बघा, श्टुटगार्टला गुड फ्रायडेला दुकानं बंद, दूधही मिळालं नव्हतं. इथे त्याच दिवशी आमच्या ऑफिसात दहाची मीटिंग असते.