रोजाचे १,५०० म्हणजे महिन्याचे ४५,००० हातात पडतात का?

प्रश्न वाचला भाऊ. बुटीबोरीच्या कंपनीत पीएफ कापून तुम्हाला २४,००० हातात मिळतात, मेडिक्लेम आहे, आणि आता सोलर पंप बसवणारा एक ठेकेदार म्हणतो की नोकरी सोड, गावाकडे ये, रोजाचे १,५०० देतो, पेट्रोल तुझं, बिल तुझ्या नावाचं. तुम्ही त्याला ३० ने गुणलं आणि विचारता की ४५,००० मधून टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा टॅक्स) वगैरे जाऊन किती उरतील. मी इकडे दारव्हा तालुक्यात हेच काम करतो, चौथं वर्ष चालू आहे, आणि पहिल्या वर्षी मी पण ३० नेच गुणलं होतं म्हणून जरा लांब लिहितो.

टीडीएसची भीती सोडा, तो सगळ्यात छोटा भाग आहे. असल्या ठेक्याच्या कामावर एकट्या माणसाचा १ टक्का कापतात, तोही एक बिल ३०,००० च्या वर गेलं किंवा वर्षाचं मिळून १ लाखाच्या वर गेलं तरच. ठेकेदाराचा मुनीम कधी कधी प्रोफेशनल फी समजून १० टक्के कापतो, तिथे भांडायचं. पॅन दिला नाही किंवा पॅन आधारला लिंक नसला तर सरळ २० टक्के जातात, ते आजच बघून घ्या. कापलेला पैसा बुडत नाही, रिटर्न भरलं की परत येतो, काऊन की २०२५-२६ च्या नवीन पद्धतीत ४ लाखापर्यंत टॅक्सच नाही आणि तुमचं उत्पन्न त्याच्या खालीच राहणार. जीएसटी नंबर पण २० लाखाच्या आत लागत नाही. फक्त दर तिमाहीनंतर २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर किती टॅक्स जमा झाला ते दाखवणारा ऑनलाइन उतारा, उघडून बघत जा, माझ्या पहिल्या ठेकेदारानं कापले बरोबर पण भरले दुसऱ्याच पॅनवर, ते दुरुस्त करून घ्यायला माझे सहा महिने गेले.

आता खरा हिशोब. आमच्या घरी कृषी केंद्रवाल्यानं दिलेलं कॅलेंडर होतं भिंतीवर, काम होऊन रोज लागला की त्या तारखेवर मी बरोबरची खूण करायचो, आणि गेलो पण काम झालं नाही तर गोल. वर्षाच्या शेवटी मोजलं तर खुणा २१४ आणि गोल ३१. गोल म्हणजे काय, तर मोटर आलीच नाही, किंवा कास्तकार वेचणीच्या बाया आणायला गेला आणि वावरात कोणी नाही, किंवा फाउंडेशनचं सिमेंट अजून ओलं. आणि जुलै-ऑगस्टचं तर बोलूच नका, पांदणीत गाडी जातच नाही, काळ्या मातीचा गोळा मडगार्डमधे असा बसतो की चाकच फिरत नाही, गाडी डांबरी रोडवर उभी करून पॅनल खांद्यावर घेऊन दीड किलोमीटर गेलो आहे मी. त्या दोन महिन्यात मिळून खुणा होत्या १९. बाबा एक दिवस कॅलेंडरकडे बघून म्हणाले, "पोट्ट्या, तू कमवून रायला का गाडीले पोसून रायला?" राग आला होता तेव्हा, पण मुद्दा बरोबर होता, गोलाच्या दिवशी पण पेट्रोल जळतंच.

तर तुमच्या दराने २१४ दिवसांचे ३,२१,००० होतात. पेट्रोल २४५ दिवसांचं, दिवसाला ५० किलोमीटर सरासरी, माझी गाडी ५० चा ॲव्हरेज देते म्हणजे रोज एक लिटर, १०५ रुपयाने पावणे सव्वीस हजार, २६ धरा. टायर, चेन, ऑइल मिळून ९ हजार. हत्यारं पहिल्या वर्षी १२ हजार, क्लॅम्प मीटर (वायरमधला करंट मोजायला) आणि क्रिम्पिंग टूल (वायरचं टोक दाबून बसवायला) स्वतःचं पाहिजे, मागून आणलेल्यावर काम होत नाही. रिचार्ज ४ हजार, फोटो तर साइटवरूनच अपलोड करावे लागतात. प्रोफेशनल टॅक्स आता स्वतःच्या नावावर काढायचा, वर्षाचे २,५००. हे सगळे ५३,५००. मेडिक्लेम सुटणार म्हणून घरच्यांची पॉलिसी १५ हजार धरा, आणि बँकेतून ४३६ वाला जीवन ज्योती आणि २० रुपयावाला अपघात विमा, उंचावर चढायचं काम आहे आपलं. उरले २,५२,०००, म्हणजे महिन्याला २१ हजार. कंपनीपेक्षा ३ हजार कमी, आणि पीएफ शून्य.

पीएफ लोक विसरतात. १५,००० बेसिकवर तुमचे १,८०० आणि कंपनीचे १,८००, वर्षाचे ४३,२०० बाजूला पडत होते. आज जिथे आहात तिथेच राहायचं म्हटलं तर पगार, पीएफ आणि वरचा सगळा खर्च मिळून वर्षाला ४ लाख पाहिजे, २१४ ने भागले की १,८७० चा रोज होतो. म्हणून १,९०० मागा. तो नाही म्हणेल, मग १,७५० आणि पेट्रोल वेगळं, तेवढ्यात बरोबर जमतं. आणि गोलाच्या दिवसाचा अर्धा रोज मागून बघा, मला दुसऱ्या वर्षापासून मिळतो, पण त्यासाठी एकदा चार दिवस घरी बसावं लागलं होतं.

पैसे वेळेवर येतील हे पण धरू नका. "वरून बिल निघालं की देतो ना भाऊ" हे वाक्य पाठ होईल तुम्हाला, माझे दिवाळीआधीच्या कामाचे पैसे होळीला आले. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करून घ्या, फुकट आहे, आधारवर होतं, सायबर कॅफेवाला ५०० मागेल ते देऊ नका. त्यानंतर लेखी करारात जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत टाकता येते, करार नसला तर कायद्याने १५ दिवस. आणि मुदत टळली आणि मार्च संपेपर्यंत पण दिले नाही तर ठेकेदाराला तो खर्च त्या वर्षी टॅक्समधे वजा करता येत नाही, हे मार्च महिन्यात त्याच्या सीएसमोर हळूच बोलायचं.

आणि राजीनामा जूनमधे देऊ नका हो. दसऱ्यानंतर द्या, पांदणी वाळलेल्या असतात, आणि सहा महिन्यांचं किराणा-दवाखान्याचं निघेल एवढे पैसे तोवर खात्यात टाकून ठेवा.