दादांचं सरकार फक्त खंजिरानं पडलं का?

प्रश्न : आमचे आजोबा अजून म्हणतात की १९७८ ला शरद पवारांनी मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांच्या पाठीत खंजीर खुपसला आणि नंतरचं पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार म्हणजे नुसती खिचडी होती. त्या मंत्रिमंडळांत नक्की कोण कोण होतं? आणि आज चाळीस आमदार घेऊन कुणी असं बाहेर पडू शकेल का? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : आजोबांचा राग मला समजतो, तुमच्या भागात दादांवर जीव टाकणारी माणसं घरोघर आहेत. पण नुसतं खंजीर खंजीर म्हणत राहिलं की त्या सरकारची मांडणीच कशी होती हे कुणी बघतच नाही, आणि मला तेच खटकतं.

आधी आकडे बघा. फेब्रुवारी ७८ च्या निवडणुकीत २८८ पैकी जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला (काँग्रेस फुटल्यावर इंदिरा गांधींपासून वेगळा राहिलेला, दादांचा गट) ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२. म्हणजे दोन्ही काँग्रेस मिळून १३१, बहुमताला १४५ लागतात, वरचे अपक्ष वगैरे. आणि या दोन काँग्रेस एकमेकींविरुद्ध लढून आलेल्या, गावागावात कार्यकर्त्यांची भांडणं झालेली, ती मिटायच्या आत ७ मार्चला शपथविधी. दादा मुख्यमंत्री, इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री, राज्यातले पहिलेच. आता हे तिरपुडे सरकारात बसून यशवंतराव चव्हाणांवर जाहीर टीका करायचे, आणि यशवंतराव म्हणजे रेड्डी काँग्रेसवाल्यांचं दैवत. रोज शेजारच्या खुर्चीवरून आपल्या नेत्याला बोल ऐकून घेत कोण किती दिवस काम करेल? जुलैत अधिवेशन चालू असताना उद्योगमंत्री शरद पवार, सुंदरराव सोळंके, सुशीलकुमार शिंदे बाहेर पडले, सोबत चाळीसच्या आसपास आमदार, आणि दादांना राजीनामा द्यावा लागला. जेमतेम सव्वाचार महिने. पवारांनी केलं ते दादांशी बरं नव्हतंच, मलाही तसंच वाटतं, पण तडा आधीपासून होता.

आता खिचडीचं. १८ जुलैला पवार मुख्यमंत्री झाले, वय ३७ पूर्ण. सोळंके उपमुख्यमंत्री, महसूल जनसंघातून आलेल्या उत्तमराव पाटलांकडे, सहकार शेकापच्या (शेतकरी कामगार पक्षाच्या) एन. डी. पाटलांकडे, शिक्षण समाजवादी सदानंद वर्देंकडे, शिवाय हशू अडवाणी, सांगोल्याचे गणपतराव देशमुख. भगवा आणि लाल एकाच टेबलाला! पण काम झालं हो. गृहराज्यमंत्री भाई वैद्य होते, त्यांच्या काळात पोलीस शिपायाची हाफ पँट जाऊन फुल पँट आली. ज्यांनी उन्हापावसात गुडघे उघडे टाकून ड्युटी केली त्यांना विचारा ती गोष्ट किती मोठी होती. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला तोही याच काळात.

आणि मुख्य म्हणजे हे सरकार आतून पडलं नाही. एका घरातल्या दोन काँग्रेसचं सव्वाचार महिने टिकलं, पाच रंगांचं हे एकोणीस महिने चाललं. १९८० ला इंदिरा गांधी परत दिल्लीत आल्या आणि १७ फेब्रुवारीला एकाच दिवशी नऊ राज्यांची सरकारं बरखास्त झाली त्यात आपलंही गेलं. (जनता सरकारनं ७७ ला हेच केलं होतं, म्हणजे पायंडा त्यांनीच पाडलेला.) सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालानंतर असं मनात आलं की बरखास्त करणं अवघड झालं, बहुमत सभागृहातच मोजायचं.

आजचं विचारलंत. ७८ ला पक्षांतरबंदी कायदाच नव्हता, तो आला १९८५ ला. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं, २००३ च्या घटनादुरुस्तीनं ती सवलत गेली, आता दोन तृतीयांश लागतात आणि तेही दुसऱ्या पक्षात विलीन होण्यासाठी. ६९ चे दोन तृतीयांश ४६, म्हणजे पवारांचे चाळीस आज कमी पडले असते. त्याच दुरुस्तीनं मंत्र्यांची संख्याही आमदारांच्या १५ टक्क्यांवर आणली, आपल्याकडे मुख्यमंत्री धरून ४३, त्यामुळे नाराजांना खिरापतीसारखी मंत्रिपदं वाटता येत नाहीत. तरी २०२२ ला शिवसेनेच्या ५५ पैकी ४० आमदार गेलेच आणि सरकार पडलं, कायदा असून.

आजोबांना एकदा विचारा, तिरपुडे त्या चार महिन्यांत काय काय बोलायचे ते. आठवत असेल तर आम्हाला जरूर लिहून पाठवा.