पोडोफायलिन लावून चामखीळ जाते का? घरी लावलं तर चालेल का?

जाते, पण घरी लावायची वस्तू नाहीये ती. पोडोफायलम नावाच्या झाडाच्या मुळांपासून काढलेला हा राळेसारखा अर्क, त्यातलं पोडोफायलोटॉक्सिन पेशींचं विभाजन थांबवतं आणि चामखिळीचा टिश्यू मरतो. मुख्यतः गुप्तांगावरच्या चामखिळींसाठी वापरतात, कारण तळपायाच्या जाड कातडीत ते नीट शिरतच नाही. साधारण 10 ते 25 टक्क्यांचं असतं, डॉक्टर स्वतः थोडंसं लावतात आणि काही तासांत धुवायला सांगतात.

भानगड अशी की ते त्वचेतून रक्तात जातं, त्यामुळे मोठ्या भागावर किंवा जखमेवर लावलं, चुकून पोटात गेलं तर उलट्या, रक्तपेशी कमी होणं, हातपाय बधिर पडणं, बेशुद्धी, अगदी मृत्यूसुद्धा होऊ शकतो. प्रेग्नन्सीत तर अजिबात नाही!

घरी लावायचं असेल तर शुद्ध पोडोफायलोटॉक्सिनचं 0.5 टक्क्यांचं सोल्युशन मिळतं, दिवसातून दोनदा असं 3 दिवस लावायचं मग 4 दिवस गॅप, पण तेही डॉक्टरांनी ही चामखीळच आहे म्हणून सांगितल्यावरच. आणि चामखीळ ज्या व्हायरसमुळे होते तो याने मरत नाही हं, त्यामुळे परत येऊ शकते.