जिरली : काय आणि कुणाची?

सोलापूरच्या अशोक चौकातल्या एका ताईंचा प्रश्न आहे : ‘बिग बॉस मराठी’त कुणाला झापलं की आमच्या घरात आनंदीआनंद. सासूबाई तर “बरी जिरली” म्हणून टाळी देतात. मला ते गावंढळ वाटतं. या आनंदाला ‘आसुरी आनंद’ म्हणावं का?

ताई, ‘आसुरी आनंद’ हा छापील शब्द. कडक भाकरी मोडता मोडता कुणी “मला आसुरी आनंद झाला बे” म्हणाल्याचं निदान मी सोलापुरात ऐकलेलं नाही. शिवाय त्यात छळणाऱ्याचा वास येतो. आपण तर नुसते बघे. जर्मन माणसाने नुकसान आणि आनंद हे दोन शब्द जोडून ‘शाडनफ्रॉयडं’ असं नाम केलं. मराठीने ते काम एका क्रियापदावर भागवलं. तुमच्या सासूबाईंचा शब्द नेमका आहे.

“त्याची जिरली.” काय जिरली? ते नाम गाळलेलं आहे : रग, मस्ती, घमेंड, खुमखुमी. सगळी स्त्रीलिंगी, म्हणून ‘जिरली’. माज पुल्लिंगी, “माज जिरला” चालतं, पण माज गाळून नुसतं “त्याचा जिरला” म्हणा, समोरचा विचारेल, काय?

अन्न पोटात जिरतं, पाणी जमिनीत. आपल्या कमी पावसाच्या जिल्ह्यात ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ कुणाला सांगायला नको. (राजकारणात त्याचं ‘एकमेकांची अडवा, एकमेकांची जिरवा’ झालं, ते वेगळं.) म्हणजे रग फेकून दिली जात नाही, आतल्या आत मुरवावी लागते. कॅमेरा चेहऱ्यावर जातो, माणूस आवंढा गिळून “हो सर” म्हणतो. सासूबाईंना दिसतं ते हे.

‘फजिती’ वेगळी. मूळ अरबी ‘फजीहत’. फजितीला गुन्हा लागत नाही, जिरायला आधी चढलेली असावी लागते. गड्ड्याच्या जत्रेत बंदूक घेऊन “बघ आता” म्हणणाऱ्याचा एकही फुगा फुटला नाही, की मागून “जिरली!” येतं. लहान पोराचा नेम चुकला तर लोक त्याला आणखी एक छर्रा द्यायला सांगतात. टीव्हीवाल्यांना हे पक्कं ठाऊक असावं. आठवडाभर ते कुणाचा तोरा दाखवतात बघा, शनिवारी सहसा त्याचीच पाळी.

महेश मांजरेकर सूत्रसंचालक असताना, ते स्पर्धकांना झापायचे त्या शनिवार-रविवारच्या भागाला काही पर्वांत नावही ‘चावडी’ होतं. पाटील-कुलकर्ण्यांची, वसुलीची आणि तंट्यांची जागा. तेलुगू-कन्नडातही चावडी आहेच, त्यामुळे तुमच्या भागात हा शब्द कुणाला परका वाटू नये.

एक बारकावा राहिला. सासूबाई “जिरली” म्हणतात, “जिरवली” नाही. जिरवणारा तिकडे पडद्यावर सूट घालून उभा असतो. ‘जिरली’त करणारा कुणीच नाही, पाणी जिरावं तशी ती आपोआप जिरते. म्हणून टाळी द्यायला हात मोकळे.