मुलगा नाताळला येतोय, पण एकटा नाही

पत्र थोडक्यात असं: "मी इंदूरची. सासरचे मूळ नगरकडचे, पण सासऱ्यांच्या नोकरीपासून आम्ही इथलेच. मिस्टर आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पास्टरेट कमिटीवर (कारभारी समितीवर) आहेत. मुलगा बंगळुरूला नोकरी करतो. ज्याला आम्ही इतकी वर्षं त्याचा रूम पार्टनर समजत होतो, तो त्याचा जोडीदार आहे, असं दिवाळीत त्याने फोनवर सांगितलं. नाताळला दोघं मिळून येऊ का, असं विचारतोय. मिस्टर म्हणतात, 'कायदा बदलला म्हणून देवाचं वचन बदलतं का?' दीर म्हणतात, डॉक्टरला दाखवा, नाहीतर कुठल्या तरी चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने बरं करण्याच्या, सभेला न्या. मी त्यांना घरात घेतलं तर आम्ही हे सगळं मान्य केलं असं होईल का?"

ताई, सलाम.

आधी तुमच्या दिरांचं बघू, कारण नुकसान व्हायचं असेल तर तिथूनच होईल. समलैंगिकता हा आजार नाही, हे भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलंय. ती 'बदलून देण्याचे' उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये कळवलंय. तेव्हा 'बरा करून देतो' म्हणणारा डॉक्टर भेटला, तर तिथून निघून या. आणि चंगाईची सभा? प्रार्थना करा, जरूर करा. पण पोराला मध्ये बसवून, चार जणांनी डोक्यावर हात ठेवून, भूत काढल्यासारखी नको. त्याने आपणहून आईला खरं सांगितलंय. त्याचं बक्षीस म्हणून हे देऊ नका.

आता मिस्टरांचं वाक्य. त्यात तथ्य आहे. कायदा बदलला म्हणून वचन बदलत नाही, आणि तसं कुणी म्हटलेलंही नाही. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 बाबत एवढंच ठरवलं की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने, खाजगीत ठेवलेले संबंध हा गुन्हा नाही. कलम इंग्रजांच्या 1860 च्या दंडसंहितेतलं, आपल्या पवित्र शास्त्रातलं नव्हे. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. त्यामुळे 'उद्या पाळकसाहेबांना असली लग्नं लावावी लागतील' अशी कुजबुज कमिटीत चालू असेल, तर मिस्टरांनीच ती थांबवावी.

आणि त्यांना एक विचारा. लोभ धरू नका, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नका, आईबापांचा मान राखा, या सगळ्या आज्ञा आहेत. शेजाऱ्याच्या गाडीचा लोभ धरला म्हणून आपण कुणाला ठाण्यात नेतो का? पाप आणि गुन्हा यांची वही आपण कधीच एक ठेवली नाही. मुंबईचे तेव्हाचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी 2013 मध्येच सांगितलं होतं की चर्चने समलिंगी माणसांना कधी गुन्हेगार मानलेलं नाही. विवाहाबद्दलची शिकवण मात्र त्यांनी तसूभरही सैल केली नव्हती.

कायदा बदलला की मंडळीत घबराट होते, ही नवी गोष्ट नाही. ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा 1869 चा. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रूरपणा किंवा सोडून जाणं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. 2001 मध्ये ही तफावत गेली आणि परस्पर संमतीने वेगळं होण्याची सोयही झाली. म्हणून काय आपल्यात विवाहाची शपथ स्वस्त झाली? झालं एवढंच की मार खाणारी बाई सुटली. अशी एखादी बहीण तुमच्याही मंडळीत बाकावर शेजारी बसत असेल. तिला कुणी 'वचन बदललं का' असं विचारत नाही. (विचारत असतील तर पत्र पुन्हा लिहा, तो वेगळा विषय आहे.)

दुसरं म्हणजे, दारावरच्या थापेची भीती मध्य प्रदेशातल्या ख्रिस्ती माणसाला समजावून सांगावी लागू नये. 2021 चा धर्मस्वातंत्र्य कायदा आला. धर्म बदलायचा तर साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. तेव्हापासून, धर्मांतराचा आळ येईल म्हणून, घरगुती प्रार्थनेलाही आवाज खाली ठेवणारी कुटुंबं मला माहीत आहेत. आपल्या विश्वासाचा न्याय शेजाऱ्यांनी आणि हवालदाराने करू नये, असं आपल्याला वाटतं ना? मग तुमच्या मुलानेही तीच भीती अनेक वर्षं एकट्याने काढली असेल, आणि तीही आपल्याच घरात, हे मिस्टरांना दिसायला हवं.

घरात घेतलं की मान्य केलं, असं होतं का? जकातदार जक्कयाची गोष्ट आठवा, लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातली. प्रभू त्याच्या घरी उतरायला निघाला तेव्हा लोक कुरकुरले, पापी माणसाकडे पाहुणा गेला म्हणून. प्रभूने आधी अट घातली नाही. म्हणून जकात वसुलीतली लबाडी त्याने मान्य केली, असं आजवर कुठल्याही उपदेशात मी ऐकलेलं नाही. आणि कृपा करून, उधळ्या पुत्राचा दाखला मात्र तुमच्या पोराला लावू नका. नातेवाईक लावतीलच. पण त्याने कुणाची इस्टेट उडवलेली नाही. तो विचारून येतोय.

तेव्हा मी काय करीन ते सांगते. 'या' म्हणीन, दोघांना. झोपायच्या खोल्यांबद्दल तुमच्या घराचा काही नियम असेल, तर तो आधी फोनवर सांगा, दारात नको. मात्र नियम सगळ्यांना सारखा हवा: उद्या पुतण्या लग्न न झालेल्या मैत्रिणीला घेऊन आला तर तिलाही तोच. नाताळच्या उपासनेला यायचं की नाही हे त्या दोघांना ठरवू द्या. प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत भाकर-द्राक्षारस घेण्याचा, प्रश्न पाळकसाहेबांचा आहे. तुम्ही त्यांना आधी जाऊन भेटा, म्हणजे ऐन वेळी सगळ्यांसमोर तमाशा नको. बाहेर अंगणात कुणी बहीण 'हा कोण?' म्हणाली, तर नाव सांगा आणि 'आमच्याकडे पाहुणा आलाय' एवढं पुरे. खोटं नाही आणि जाहीर सभाही नाही. बाकीचं कुणाला, किती सांगायचं, ते मुलाचं.

मिस्टरांची मतं या महिन्याभरात बदलणार नाहीत, त्या नादी लागू नका. त्यांच्याकडून एकच कबूल करून घ्या: जेवताना उपदेश नाही. चार दिवस मुलाने बापाशी क्रिकेटवर बोललं, रात्री सराफ्यातल्या खाऊबाजारात नेऊन गराडू (तळलेला कंद) खिलवलं, तरी यंदापुरतं खूप झालं.

आणि फोन आजच करा. नाताळात इंदूरकडे येणाऱ्या गाड्या लवकर भरतात, आणि तो तुमच्या उत्तरासाठी तिकिटं काढायचा थांबला असेल.