वाचलेलं कळतं, मग ऐकलेलं का निसटतं?

"मॅडम, इंग्रजी ई-मेल मी भराभर लिहिते. पण मीटिंगमध्ये कुणी बोलायला लागलं की पहिल्या वाक्याचा अर्थ लागेपर्यंत तिसरं सुरू झालेलं असतं. मी नुसती मान हलवते. माझ्या डोक्यातच काही कमी आहे का?"

हा प्रश्न माझ्याकडे फार जण घेऊन येतात. ही तरुणी कानांची तपासणी करूनच आली होती. ऐकण्यात काही दोष नव्हता. शब्दसंग्रहही चांगला होता, त्यामुळे आणखी शब्द पाठ करून तिचा प्रश्न सुटणार नव्हता.

मी तिला एक छोटं संभाषण ऐकवलं आणि कानावर पडेल ते लिहायला सांगितलं. कागद बराचसा कोराच राहिला. मग त्याच संभाषणाचा छापील उतारा तिच्या हातात दिला. त्यातला एकही शब्द तिला नवा नव्हता! 'डिड यू'चं 'डिज्यू' झालं होतं, 'वॉन्ट टू'चं 'वॉना', आणि 'टेल हिम'मधला 'ह' ऐकूच येत नव्हता. छापील ओळीत दोन शब्दांमध्ये जागा असते, बोलण्यात बहुतेकदा नसते. त्यात इंग्रजीत जोर नसलेले छोटे शब्द आणखी आखडतात. तिची या शब्दांशी ओळख डोळ्यांनी झाली होती, कानांनी नाही. बुद्धीचा इथे काही संबंध नव्हता, आणि हे तिला स्पष्ट शब्दांत सांगणं मला फार गरजेचं वाटलं.

भीतीने त्यात भर घातली होती. एक शब्द हुकला की ती तिथेच अडकायची आणि पुढची वाक्यं निघून जायची. परभाषेच्या वर्गातली भीती मोजण्यासाठी भाषाशिक्षणाच्या संशोधक इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. शिक्षकांचं बोलणं कळलं नाही की भीती वाटते, अशा अर्थाचं विधान त्या प्रश्नावलीतही आहे. हे ऐकून तिचा चेहरा जरा सैलावला.

रोज एकच मिनिटभराचा तुकडा घ्यायचा, असं ठरलं. आधी मजकूर न बघता दोनतीनदा ऐकायचा, जमेल तेवढा लिहायचा, मग उताऱ्याशी ताडून कुठे हुकलं तिथे खूण करायची आणि पुन्हा नुसतं ऐकायचं. मराठी सबटायटल्स बंद, कारण ती असली की डोळेच सगळं काम करतात. इंग्रजी सबटायटल्स चालतील, पण पहिल्यांदा ऐकून झाल्यावरच. दिवसभर मागे बातम्या लावून ठेवण्याचा सल्ला अनेक जण देतात. निम्मंअधिक कळत नसेल तर त्याचा फारसा उपयोग होतो असं मला वाटत नाही.

मीटिंगआधी विषय वाचून कोणते शब्द येतील याचा अंदाज बांधायचा. आणि "पुन्हा सांगा" म्हणण्याऐवजी नेमकं विचारायचं: "तारीख कोणती म्हणालात?"

काही आठवड्यांनी ती आली तेव्हा तारखा, आकडे आणि निर्णय तिला नीट कळू लागले होते. चारपाच जण एकदम बोलू लागले की अजून गोंधळ होतो. सध्या ती दोघांच्या संभाषणांवर सराव करतेय. तिघांची पुढच्या महिन्यात घेणार आहोत.